न केलेल्या यात्रेचं मावंदं

माझा थोरला भाऊ जेवता जेवता गेला. दुपारची वेळ, पानात दुसरी पोळी, बोलणं चाललेलं. एकदम दरदरून घाम फुटला, हात छातीवर गेला आणि भिंतीला टेकून बसलेला माणूस तसाच बसून राहिला. त्याला उचलायला आमच्या अडतीतले हमाल बोलवावे लागले. सगळं घर रडत होतं. मीही रडत होतो, पण माझी नजर त्या हमालांच्या दंडांवर होती. खरं सांगतो, दुःख पोचायच्या आधी माझ्या मनात हाच विचार येऊन गेला, की मला उचलायला ह्यांच्यापेक्षा जास्त माणसं लागतील.

कारण भाऊ जाड होता आणि मी त्याहून जाड होतो. वडीलही तसेच होते आणि तेही पन्नाशीच्या आत गेले होते. मला तेव्हा पंचेचाळिसावं चालू होतं. म्हणजे रांगेत पुढचा नंबर कुणाचा हे सांगायला जोतिषी नको होता.

आमची गुळाची अडत. शेतकरी गुळाचे रवे, म्हणजे तुमच्या भाषेत ढेपा, आणून लावायचे, सौदा निघायचा, आणि प्रत्येक मालातला एक खडा फोडून जिभेवर टाकल्याशिवाय भाव बोलायचा नाही, ही रीत. सकाळपासून दुपारपर्यंत मी गूळ चाखायचो, आणि तोंड गोड झालं म्हणून घरी येऊन तिखट हाणायचो. कोल्हापुरात अशा माणसाला कुणी आजारी म्हणत नाही. ‘मालकाचं बरं चाललंय’ म्हणतात. डॉक्टरांनी मात्र सांगितलं होतं, साखर सुरू झालीय, रक्तदाब चढलाय, झोपेत श्वास अडकतोय. बायको रात्री मला कोपरानं ढोसायची. मी दचकून जागा झालो की म्हणायची, “झोपा, झोपा. हायसा का बघत होते.”

अशात एका हंगामात कर्नाटकातला एक व्यापारी सौद्याला आला. दरवर्षी यायचा, अंगानं माझ्या तोडीस तोड. आम्ही दोघं एका बाकावर बसलो की तिसऱ्याला जागा नसायची. त्या वर्षी तो आला आणि मी त्याला ओळखलाच नाही. निम्मा झालेला. मी विचारलं, काय आजार झाला? तो मला वखारीत रव्यांच्या थप्पीमागं घेऊन गेला आणि शर्ट वर करून दाखवला. छातीच्या खालपासून बेंबीपर्यंत सरळ वण. मद्रासच्या पलीकडं एक दवाखाना आहे, म्हणाला. तिथं पोटाला आतून टाके घालून मुठीएवढी पिशवी ठेवतात आणि आतडं तिला जोडतात. मग माणूस खाऊच शकत नाही. पैसे सगळे आपले आपण भरायचे. आणि शेवटी हलक्या आवाजात म्हणाला, सगळेच परत येतात असं नाही.

हे शेवटचं वाक्य मी बायकोला सांगितलं नाही.

जायचं ठरलं, पण सांगायचं काय, हा प्रश्न. ऐंशीनंतरचा काळ असला तरी पेठेत असली गोष्ट कुणी ऐकली नव्हती. आमच्याकडं लोक भूक वाढायचं औषध विचारतात. स्वतःच्या खिशातले पैसे घालून, परमुलखात जाऊन भूक कापून घेणारा माणूस म्हटल्यावर बाजारात लोकांनी माझ्या नावानं हसून हसून पोट धरलं असतं. शिवाय वहिनी होती. भाऊ गेल्याला तीन वर्षं झाली नव्हती. तिला ‘पोट फाडून घ्यायला चाललोय’ हे सांगायची माझी छाती नव्हती. म्हणून मी सांगितलं, आम्ही दोघं रामेश्वराला चाललोय.

बायको म्हणाली, देवाचं नाव तरी मधी घालू नका. मी म्हणालो, दिशा तर तीच आहे. एवढ्या शब्दावर मी स्वतःला पटवलं होतं, तिला पटलं नाही. पण ती बॅग भरायला लागली.

वहिनीला मात्र आनंद झाला. तिनं एकच मागितलं. रामेश्वराच्या समुद्राची मूठभर वाळू आणा, ह्यांच्या नावानं देवात ठेवते. मी मान हलवली. गळ्यात हार, कपाळाला बुक्का, अशा थाटात आम्हाला स्टेशनवर पोचवलं गेलं. लोक पाया पडत होते आणि मी मनातल्या मनात एकेकाचा शेवटचा निरोप घेत होतो.

गाडीत भीतीनं माझं काय व्हायचं ते झालं. दुसऱ्या कुणाची भूक मेली असती, माझी जागी झाली. पुन्हा हे तोंडाला लागणार नाही, या विचारानं मी बेळगावला कुंदा खाल्ला, धारवाडला पेढे घेतले, पुढं प्रत्येक स्टेशनवर जे खिडकीशी आलं ते आत घेतलं. बायको खिडकीबाहेर बघत होती. एकदाच म्हणाली, “परीक्षेला चाललेलं पोरगं पुस्तक तरी वाचतंय.”

दवाखान्यात पोचलो तर तिथला वजनकाटा मला बघून टोकाला जाऊन थांबला. मग मला कोठीघरात नेलं, जिथं तांदळाची पोती मोजायचा काटा होता. आयुष्यभर मी माल काट्यावर चढवला होता आणि बारदान, म्हणजे रिकाम्या पोत्याचं वजन, वजा केलं होतं. आता मी चढलो. कोठीवाला वजनं लावतोय, काढतोय, पुन्हा लावतोय. दीडशेच्या वर किती ते तो तमिळमध्ये बोलला, नशीब. बायको मागनं म्हणाली, “अवो, त्यास्नी सांगा, बारदान वजा करा म्हणून.” आम्ही दोघंही हसलो. मग तिला एकदम रडू फुटलं आणि माझे पाय त्या लोखंडी पाटावर थरथरायला लागले. काटा हलायला लागला. कोठीवाला मला हातानं खूण करत होता, स्थिर राहा.

तिथले सर्जन वयस्कर, उंच, कमी बोलणारे. मला त्यांची भाषा येत नव्हती आणि त्यांना माझी. मधे एक नर्स होती, बेळगावकडची. तिला माझं मराठी कळायचं, आणि ऐकणाऱ्याला तिची दया आल्याशिवाय राहणार नाही इतकं मी तिच्याशी बोलत होतो. डॉक्टरांना विचार, किती जण वाचले. डॉक्टरांना विचार, मधेच जाग आली तर काय. डॉक्टरांना विचार, टाके तुटले तर कळतं का. ती विचारायची, ते शांतपणे सांगायचे, आणि ती मला निम्मंच सांगते आहे असं मला वाटायचं. एक प्रश्न मी शेवटी विचारला. माझ्या भावासारख्या माणसाला तीन वर्षांपूर्वी हे ऑपरेशन करता आलं असतं का? डॉक्टर म्हणाले, आम्ही त्याच्याही आधीपासून करतोय. त्यांना वाटलं असावं, ह्यानं मला धीर येईल.

ऑपरेशनच्या दिवशी मला टेबलावर उताणं निजता येईना. निजलो की श्वास कोंडायचा. टेबल अरुंद, दोन्ही बाजूंनी मी बाहेर. दोन्हीकडं फळ्या लावून पट्ट्यांनी बांधलं. वर मोठा दिवा. मी देवाचं नाव घ्यायला लागलो तर एकही आठवेना, आणि रामेश्वराचं घ्यायची तर लाजच वाटली. नर्स कानाशी वाकून म्हणाली, “काका, कशाला भ्यालासा? आम्ही हाय की.” तिचं ते बेळगावी बोलणं ऐकून मला घरचं कुणी आलंय असं वाटलं आणि मी तिचा हात असा धरला, की भूल चढल्यावर बोटं एकेक करून सोडवावी लागली, असं तिनं नंतर सांगितलं.

जागा झालो तेव्हा पहिला विचार आला, हमाल लागले नाहीत.

पुढचे दिवस सांगण्यासारखे नाहीत. खोकला आला की उशी पोटाशी धरायची, कारण आत सगळं उसवेल असं वाटायचं. औषधाच्या इवल्या पेल्यात पाणी, तेही घोट घोट. नंतर दवाखान्याजवळ एक खोली भाड्यानं घेतली. बायको डाळीचं वरचं पाणी काढून द्यायची आणि मी चमचाभर घेऊन आतली चाहूल घेत बसायचो. पोटाशी कान लावता आला असता तर तोही लावला असता. निघताना डॉक्टरांनी नर्सकरवी बजावलं. भरल्यासारखं वाटलं की तिथंच थांबायचं, सध्या पातळच घ्यायचं, आणि गोड वर्ज्य. गोड वर्ज्य हे तिनं दोनदा सांगितलं. मी दोनदा मान हलवली. मनात म्हटलं, पेढे गेले, जिलबी गेली, बासुंदी गेली. ठीक आहे.

ती वाळू मी दवाखान्याच्या नव्या इमारतीचं काम चाललं होतं तिथल्या ढिगातून घेतली. बायको तोंड फिरवून उभी होती.

गावी परतलो ते पँट कमरेला दोरीनं आवळून. लोक म्हणाले, तीर्थाची पुण्याई बघा, माणूस निम्मा झाला. मी म्हणालो, तिकडचा नुसता भात मानवला नाही. सगळ्यांना पटलं. सगळं छान जमलं होतं, आणि मी एक गोष्ट साफ विसरलो होतो. मावंदं.

माणूस मोठ्या यात्रेहून परत आला की मावंदं घालतात. पाहुणेरावळे येतात, यात्रेकरू जोडप्याचे पाय धुतात, ओवाळतात, आणि पुरणपोळीची पंगत उठते. पहिला घास त्या जोडप्यानं घ्यायचा. त्यांनी घेतल्याशिवाय बाकीच्यांनी पानाला हात लावायचा नाही. वहिनीनं आम्ही यायच्या आधीच दिवस धरला होता, आवतणं गेली होती. गडहिंग्लजहून तिच्या माहेरचे येणार होते, आजऱ्याहून आमची बहीण येणार होती. मी तब्येतीचं कारण काढलं. वहिनी म्हणाली, एवढी यात्रा झेपली आणि जेवण झेपत न्हाय व्हय? तिच्याकडं बघून मी पाटावर बसायला तयार झालो.

त्या दिवशी आम्हाला पाटावर बसवलं. ज्यांचे पाय मी धरावेत अशी म्हातारी माणसं माझ्या पायावर पाणी घालत होती. सदऱ्याच्या आत माझा वण खाजत होता. मग पानं मांडली. माझं पान ज्या भिंतीशी मांडलं होतं, तिथं भाऊ बसायचा. वहिनीनं मुद्दाम मांडलं असणार, मान म्हणून. पानात पुरणपोळी, कटाची आमटी, भात, भजी, आणि वाटीत गुळवणी. सगळी पंगत माझ्या हाताकडं बघत बसली.

पुढं काय करायचं ते मी रात्रीच ठरवून ठेवलं होतं आणि स्वतःच्या हुशारीवर खूशही होतो. पोळी खाल्ली तर टाके तुटतील. भजं तर विषच. पण गुळवणी पातळ असते. डॉक्टर पातळ घ्या म्हणाले होते. गोड नको म्हणाले होते, पण गोड म्हणजे साखर, गोड म्हणजे हलवायाच्या दुकानात मिळतं ते. गूळ माझ्या डोक्यात गोड नव्हताच कधी. गूळ हा माल होता. उन्हातनं आलेल्या माणसाला आपण गूळ आणि पाणी देतो, त्याला काय आपण मिठाई म्हणतो का? मी वाटी उचलली, तोंडाला लावली आणि घोट घोट घेत अर्धी संपवली. बायकोनं बघितलं आणि तिचाही चेहरा निवांत झाला. पातळच तर होतं. पंगत सुरू झाली.

थोड्या वेळानं कान गरम झाले. मग छाती धडधडायला लागली, इतकी की सदरा हलताना दिसत होता. पोटात कुणीतरी आतून मुठीत धरून पिळतंय तसं झालं, डोळ्यांपुढं अंधारी आली, आणि घाम फुटला. दरदरून. मला कळलं, टाके तुटले. माझा हात आपोआप छातीकडं गेला.

समोर वहिनी वाढत होती. तिच्या हातातलं तुपाचं भांडं पडलं. ती भिंत, तो पाट, तो घाम, तो हात. ती किंचाळली नाही. खाली बसली आणि म्हणाली, “तसंच. तसंच झालंतं.”

मला आडवं केलं. गल्लीतले आमचे डॉक्टर धावत आले. त्यांनी नाडी धरली आणि पोट बघायला सदरा वर केला, तर सगळ्या पंगतीपुढं तो वण. डॉक्टर म्हणाले, हे काय? आणि मी मरणार या खात्रीनं सगळं सांगून टाकलं. ऑपरेशन, दवाखाना, पिशवी, आतडं, रामेश्वर नाही, वाळू इमारतीच्या ढिगातली आहे, मला माफ करा. सांगताना मी डोळे मिटले होते. बायको कपाळाला हात लावून बसली होती. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग आता जठर आहे कुठं?”

त्यांना ठाऊक नव्हतं. गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. माझ्या पोटात काय केलंय हे जाणणारा माणूस दोन राज्यं पलीकडं होता. माझ्या बॅगेतला दवाखान्याचा कागद काढला, त्यावरचा नंबर घेऊन लाइटनिंग कॉल, म्हणजे सगळ्यात तातडीचा आणि महागडा ट्रंक कॉल, लावला. अडतीमुळं घरात फोन होता. सगळे त्या काळ्या फोनभोवती गोळा झाले. पानं तशीच पडली होती, पोळ्या गार होत होत्या. कुणी कुजबुजत होतं, कुणी रामरक्षा म्हणत होतं. मी जाजमावर पडून छतातल्या हुकाकडं बघत होतो. प्रत्येक ठोका शेवटचा म्हणून मोजावा तसा ऐकत होतो.

कॉल लागायला जेवढा वेळ गेला तेवढ्यात घाम ओसरला होता, पण माझ्या ते ध्यानात आलं नव्हतं. भीती घामापेक्षा हळू उतरते. डॉक्टर इंग्रजीत मोठ्यानं बोलायला लागले. मला त्यांचा फक्त चेहरा दिसत होता. येस, म्हणाले. नो. जॅगरी. यू नो, जॅगरी. मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिले. रिसीव्हर खाली ठेवला, चष्मा काढला, पुसला. मी त्यांच्या पुसण्याकडं बघत होतो. कापड एका काचेवर, मग दुसऱ्या काचेवर. माणसाला वाईट बातमी सांगायच्या आधी डॉक्टर चष्मा पुसतात, हे मी भावाच्या वेळी बघितलं होतं.

“टाके शाबूत हायत,” ते म्हणाले. “गुळवणीनं केलंय हे सगळं. गोड खाल्लं की असंच होणार. ते म्हणाले, पेशंटला सांगितलं होतं.”

मी विचारलं, किती दिवस असं?

“जन्मभर.”

गुळाच्या अडत्याला हे सांगितल्यावर मागनं कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरं हसलं. आजऱ्याची बहीण पदर तोंडात धरून हसत हसत रडायला लागली. मी उठून बसलो, तर पाहुणे म्हणायला लागले, पावणं, रामेश्वर पावलं म्हणायचं की तुम्हाला. एक म्हातारा म्हणाला, मी ह्याचं पाय धुतलं, ते पाणी परत द्या म्हणावं.

वहिनी हसली नाही. भिंतीशी बसूनच होती. ती उठून माझ्याजवळ आली. मला वाटलं, आता वाळूबद्दल विचारणार. शिव्या खायची मी तयारी केली.

“भावजी, हे ह्यास्नी करता आलं असतं का?”

ऑपरेशनच्या टेबलावरही भ्यालो नव्हतो तेवढा मी त्या क्षणाला भ्यालो. नाही म्हणणं सोपं होतं. आधीची सगळी खोटी बोलणी हसण्यावारी पचली होती, हेही पचलं असतं. पण ती माझ्या तोंडाकडं अशी बघत होती, की मला दुसरं काही सुचलं नाही. मी म्हणालो, “आलं असतं, वहिनी.”

 बायकोनं तिच्या पाठीवर हात ठेवला. मग वहिनी म्हणाली, “गेलं नसतं ते. पानावरनं उठा म्हटलं तर माझ्यावर वरडायचं. एवढं लांब जाऊन पोट कापून घ्यायला मरणाला भ्यायला लागतंय माणसानं. ते भ्यालंच न्हाईत कधी.” तिनं पदरानं डोळे पुसले. “तुम्ही पयल्यापासनं भित्रं. बरं झालं.”

आणि तिनं आवाज चढवून सगळ्यांना बसवलं. पोळ्या पुन्हा तव्यावर टाकायला लावल्या, आमटी गरम करायला लावली. मावंदं कशाचं आता, असं कुणीतरी पुटपुटलं, तर म्हणाली, माणूस परत आलाय की, त्याचंच.

माझं पान तिनं त्या भिंतीशीच ठेवलं. पण त्यातलं सगळं काढून एका वाटीत डाळीचं वरचं पाणी आणून ठेवलं, बाजूला चमचा. मी एक चमचा घेतला आणि सवयीनं आतली चाहूल घेतली. दुसरा घेतला, पुन्हा थांबलो.  पंगतीचं बोलणं, हसणं, वाढपाची धावपळ चाललेली. वहिनी समोर उभी राहून माझ्या चमच्याकडं बघत होती. चौथ्या चमच्याला मला भरल्यासारखं वाटलं. वाटीत निम्म्याहून जास्त उरलं होतं आणि माझ्या हाताला ते टाकवेना. उरलेलं टाकायची मला आयुष्यात सवय नव्हती. चमचा पुन्हा वाटीकडं गेला.

“बास,” वहिनी म्हणाली, आणि वाटी उचलून घेऊन गेली.